गुटगुटीत बाळ, रिकामे रकाने

सव्वा वर्षाचं मूल. वजन वयाला साजेसं, किंबहुना थोडं जास्तच. गाल वर आलेले, मांड्यांना वळ्या. घरी कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय बाळसं धरलंय!" मग कधीतरी सर्दी-ताप पाठ सोडत नाही म्हणून रक्त तपासलं जातं. हिमोग्लोबिन कमी निघतं, लोहाचा साठा जवळजवळ संपलेला दिसतो. आई-बाबा एकदा अहवालाकडे बघतात, एकदा बाळाकडे. दिवसाला लिटरभर दूध पिणारं, भात खाणारं, बिस्किटं मागून घेणारं मूल आणि कुपोषण? काहीतरी घोटाळा झाला असणार.

प्रयोगशाळा सहसा चुकलेली नसते आणि आई-बाबाही निष्काळजी नसतात. घोटाळा आहे तो "भरपूर खातं" या दोन शब्दांत.

## भूक दोन प्रकारची

अन्नाकडून शरीराला दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे इंधन. ते पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांतून मिळतं. दुसरी गोष्ट अगदी चिमूटभर लागते: लोह, जस्त, आयोडीन, वेगवेगळी जीवनसत्त्वं. ही मोजायची ती मिलिग्रॅममध्ये, काही तर मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागात. यांना सूक्ष्म पोषकद्रव्यं म्हणतात. ती ऊर्जा देत नाहीत, पण त्यांच्याशिवाय मिळालेल्या ऊर्जेचा धड उपयोगही होत नाही. लोहाविना रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, जस्ताविना पेशींची वाढ मंदावते, अ जीवनसत्त्वाविना अंधुक उजेडात दिसेनासं होतं.

पहिली भूक रडते, हातपाय आपटते, घर डोक्यावर घेते. दुसरी गप्प बसते. लोहाचंच बघा. आधी कणगी रिकामी होते, मग डबा, आणि सगळ्यात शेवटी ताट. कणगी म्हणजे शरीरातला साठा, डबा म्हणजे रक्तातून फिरणारं लोह आणि ताट म्हणजे हिमोग्लोबिन. ताटात कमी वाढलं जाऊ लागलं की आपण त्याला ॲनिमिया म्हणतो. कणगीने तळ कधीच गाठलेला असतो. म्हणून या प्रकाराला "लपलेली भूक" असं नाव पडलं आहे.

ही भूक फक्त दुष्काळी भागात असते असं समजू नका. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार जगातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ५६ टक्के, म्हणजे सुमारे ३७ कोटी २० लाख मुलांमध्ये लोह, जस्त आणि अ जीवनसत्त्व या तिन्हींपैकी किमान एकाची कमतरता आहे. इथे तीनच द्रव्यं मोजली आहेत. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, युनिसेफचा अहवाल आला. त्यातला आकडा बातम्यांत बराच फिरला: पाच वर्षांखालच्या दर चार मुलांपैकी एक, म्हणजे १८ कोटी १० लाख मुलं, दिवसभरात फार तर दोनच अन्नगटांतलं काहीतरी खातात. त्यातल्या दर पाचांपैकी चौघांच्या वाट्याला येतं ते फक्त दूध किंवा धान्य-कंद, किंवा ही दोन्ही.

अन्नगट म्हणजे काय आणि ते मोजतात कसे, ते पुढे येईलच. त्याआधी एक वेगळा प्रश्न. मोठी माणसंही कधीकधी चहा-पाव खाऊन दिवस काढतात, मग लहान मुलांच्याच बाबतीत इतका बाऊ का?

## छोटी पिशवी, लांबचा प्रवास

लहान मुलाच्या पोटात एका वेळी साधारण शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३० ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाला एका जेवणाला मिळणारी जागा सुमारे २४० ग्रॅमची, म्हणजे मध्यम आकाराच्या एका वाटीएवढी. आणि या वाटीकडून अपेक्षा किती? पहिल्या वर्षात वजन जवळपास तिपटीवर जातं, उंची निम्म्याने वाढते. दोन वर्षांचं होईपर्यंत मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. प्रवास लांबचा, सामान भरपूर आणि हातात पिशवी मात्र चिमुकली. अशा पिशवीत उशी कोंबली तर ती भरेल, पण मुक्कामाला पोचल्यावर अंगावर घालायला कपडे नसतील. धान्याची पातळ लापशी किंवा नुसता भात ही ती उशी.

एक आकडा मला स्वतःला पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटला होता. अमेरिकेतल्या आहारविषयक शिफारशींनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं. प्रौढ पुरुषाला? ८ मिलिग्रॅम. बापाच्या दहाव्या हिश्शाएवढं वजन असलेल्या बाळाला बापापेक्षा जास्त लोह! कारण साधं आहे. मोठ्या माणसाचं शरीर जुनं लोह पुन्हापुन्हा वापरतं. बाळाला मात्र नवं रक्त, नवे स्नायू, नवा मेंदू घडवायचा असतो आणि खाल्लेल्या लोहातला थोडाच भाग अंगी लागतो.

यात आणखी एक मेख आहे. पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम अन्न आहे, पण त्यात लोह अगदी कमी असतं, लिटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅम. आईने लोहयुक्त पदार्थ कितीही खाल्ले तरी दुधातलं हे प्रमाण फारसं वाढत नाही. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर लोहाचा जवळजवळ सगळा भार वरच्या खाण्यावर येतो. अंगावरचं दूध पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून फक्त २०० कॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. एवढ्याशा खाण्यात एवढं लोह बसवायचं, तर प्रत्येक घासाची निवड महत्त्वाची ठरते.

यात वेळेलाही महत्त्व आहे. घर बांधताना विटा आणि सिमेंट येत राहिलं तर भिंती उभ्या राहिलेल्या रस्त्यावरूनही दिसतात. पण वायरमन आलाच नाही आणि गिलावा होऊन गेला, तर पुढे काय होतं ते घर बांधलेल्या कुणालाही विचारा. मेंदूतल्या मज्जातंतूंवर वेष्टन चढवण्याच्या कामात लोहाचा वाटा असतो आणि हे काम पहिल्या दोन वर्षांत जोरात चालू असतं. तेव्हा राहून गेलेली कसर पुढे गोळ्या देऊन पूर्ण भरून निघेलच याची खात्री नसते.

## आठ रकान्यांचा हजेरीपट

प्रत्येक मुलाच्या पोटात किती मिलिग्रॅम काय गेलं, हे मोजायचं तर तराजू घेऊन घरोघरी बसावं लागेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एक सोपी युक्ती काढली. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन एवढंच विचारायचं: काल दिवसभरात आणि रात्री बाळाने काय काय खाल्लं-प्यायलं? उत्तरं आठ रकान्यांत मांडायची.

पहिला रकाना आईच्या दुधाचा. दुसरा धान्यं आणि कंदांचा, यात बटाटाही आला. तिसरा डाळी, कडधान्यं, दाणे आणि तेलबियांचा. चौथा दूध-दह्याचा. पाचवा मांस, मासे आणि काळीज यांचा. सहावा अंड्याचा. सातवा अ जीवनसत्त्व भरपूर असलेल्या भाज्या-फळांचा: गाजर, लाल भोपळा, गडद हिरव्या पालेभाज्या, आंबा, पपई. आणि आठवा उरलेल्या सगळ्या भाज्या-फळांचा. आठांपैकी किमान पाच रकान्यांत खूण झाली, तर त्या दिवसाचा आहार पुरेसा वैविध्यपूर्ण मानायचा. पूर्वी रकाने सात होते आणि चारात पास व्हायचं. आईच्या दुधाला स्वतंत्र रकाना नसल्याने अंगावर पिणाऱ्या मुलांवर अन्याय होत होता, म्हणून नंतर तो वाढवला.

आता आपल्या गुटगुटीत बाळाचा कालचा दिवस मांडून बघू. गाईचं दूध, भात, बिस्किटं, उकडलेला बटाटा, केळं. पदार्थ पाच, पण भात, बिस्किट आणि बटाटा एकाच रकान्यात. दूध चौथ्या, केळं आठव्या. आठांपैकी तीन. त्यात लिटरभर दुधाने सहाशेहून जास्त कॅलरी दिल्या. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे ९०० कॅलरींची. पोटात दुसऱ्या कशाला जागा उरलीच नाही. आणि त्या लिटरभर दुधात लोह किती? जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. बाळसं आलं ते दुधाने आणि लोहाची कणगी रिकामी झाली तीही दुधानेच. एक वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते या हिशेबामुळे. दूध वाईट म्हणून नव्हे.

"आमच्याकडे रोज वेगळा पदार्थ असतो" हे वाक्यही याच जाळ्यात अडकतं. सोमवारी नूडल्स, मंगळवारी पाव, बुधवारी भात, गुरुवारी बटाटा. चव रोज बदलली, रकाना तोच राहिला. बाजारात मिळणाऱ्या बाळांच्या पिळून खायच्या पाकिटांचंही तेच. वेष्टनावर पालकाचं चित्र मोठं असतं आणि आत बहुतेक वेळा गोड फळाचा गर जास्त. घटकांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण सर्वाधिक, ते यादीत पहिलं लिहिलेलं असतं.

## हजेरी लागली, पण काम झालं का?

शाळेतल्या हजेरीपटावरून कोण आलं ते कळतं. आल्यावर त्याने अभ्यास केला की बाकावर डुलक्या काढल्या, ते कळत नाही. या निर्देशांकाची मर्यादाही नेमकी हीच आहे. अर्धा चमचा अंडं खाल्लं तरी खूण होते, आख्खं खाल्लं तरी तीच खूण.

मग याला अर्थ काय? अर्थ आहे, कारण मोठ्या समूहात हजेरी आणि काम यांची सांगड बऱ्यापैकी बसते. दहा ठिकाणच्या मुलांच्या आहाराची सविस्तर माहिती २००६ मध्ये तपासली गेली, तेव्हा जितके गट जास्त तितकी आहारातल्या सूक्ष्म द्रव्यांची घनता चांगली, असं दिसलं. त्याआधी २००४ मध्ये मेरी आरिमोंड आणि मारी रुएल यांनी ११ देशांतल्या पाहण्या तपासल्या होत्या. बहुतेक देशांत वैविध्यपूर्ण खाणारी मुलं वयाच्या मानाने उंच होती. इथे चाणाक्ष वाचक लगेच म्हणेल, "अहो, सधन घरात विविध खाणं असतं आणि सधन घरातली मुलं एरवीही धडधाकट असतात." शंका रास्त आहे. त्या अभ्यासात घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही संबंध बऱ्यापैकी टिकला. तरीही पाहण्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य करायला हवं.

प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात? इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं. २०१७ मध्ये निकाल आला: खुंटलेल्या वाढीचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी. जगभर अंड्याचा जयजयकार झाला. मग तसाच प्रयोग मलावीत झाला आणि २०१९ च्या निकालात उंचीवर काहीच फरक दिसला नाही. संशोधकांनी सुचवलेलं एक कारण मला फार बोलकं वाटतं. मलावीतल्या त्या भागात मुलं आधीपासूनच मासे खात होती. गैरहजर असलेला आला तर वर्गाला फरक पडतो. ज्याची जागा आधीच कुणीतरी भरली आहे, त्याच्या येण्याने फारसं काही बदलत नाही.

आणखी एक खबरदारी. हा निर्देशांक देशांची, जिल्ह्यांची तुलना करण्यासाठी आहे, तुमच्या मुलाला नापास करण्यासाठी नाही. एक दिवस मूल फक्त दूध-भातावर राहिलं तर आकाश कोसळत नाही. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं, ते रोज मिळालं नाही तरी आठवड्याच्या हिशेबात भागतं. जस्ताची मात्र शरीरात अशी वेगळी कणगी नाही, त्यामुळे ते नेमाने यावं लागतं. घरी पडताळायचं तर आठवड्याचा कागद करा आणि कुठला रकाना सलग रिकामा दिसतो ते बघा. "किती खाल्लं?" या प्रश्नापेक्षा "कोण गैरहजर आहे?" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

## एकत्र बसवायचं कुणाला?

विविधतेचा एक फायदा या मोजणीत दिसतच नाही. काही द्रव्यं एकमेकांना मदत करतात, काही एकमेकांचे पाय ओढतात. मांस-माशांतलं लोह शरीर सहज उचलतं, साधारण १५ ते ३५ टक्के. डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतल्या लोहाचा स्वभाव लाजाळू. ते २ ते २० टक्केच शोषलं जातं आणि हा आकडा शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो. शेजारी क जीवनसत्त्व असेल, म्हणजे लिंबू, संत्रं, पेरू, टोमॅटो, तर शोषण वाढतं. शेजारी चहा असेल तर घटतं. (सव्वा वर्षाच्या मुलाला कोण चहा देतं, असं म्हणाल. बशीतला घोट देणारी मंडळी सगळीकडे असतात.) कडधान्यं आणि धान्यांत फायटेट नावाचा घटक असतो, तो लोह-जस्ताला धरून ठेवतो. भिजवल्याने, मोड आणल्याने, पीठ आंबवल्याने ही पकड सैल होते.

गाजर-भोपळ्यातल्या नारिंगी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ते शोषलं जायला थोडी चरबी लागते. म्हणून बाळाच्या भाजीत चमचाभर तेल किंवा लोणी हवंच. नुसती पाण्यात उकडलेली भाजी म्हणजे पोहोचलेलं पण कुणी न उघडलेलं पार्सल.

## "मग सरळ टॉनिकच देऊ की"

बाटलीत सगळं भरलेलं मिळत असताना एवढी उस्तवार कशाला? या आक्षेपाला एका शब्दात उत्तर नाही, कारण पूरक औषधांनी खरोखर जीव वाचवले आहेत. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात आल्फ्रेड सॉमर आणि सहकाऱ्यांनी ४५० गावांत प्रयोग केला होता. अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिलेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे १९८६ साली छापून आलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. जिथे ही कमतरता मोठी आहे, तिथे दर सहा महिन्यांनी मात्रा देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आज आहे. जुलाबात जस्त देण्याची शिफारसही अशीच पुराव्यावर उभी आहे.

दुसरी बाजू झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावर दिसली. तिथे मलेरियाचा कहर. लहान मुलांना लोह आणि फोलिक आम्ल दिलं, तर या मुलांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू उलट जास्त आढळले. प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. २००६ मध्ये त्याचा अहवाल आला. ज्या मुलांत लोह खरोखर कमी होतं त्यांना फायदा झाला, ज्यांच्यात पुरेसं होतं त्यांना इजा. लोह जंतूंनाही आवडतं, हा त्यातला धडा. अन्नातून हळूहळू येणारं लोह शरीर गरजेनुसार आत घेतं. औषधाची मात्रा एकदम येऊन धडकते. शिवाय मोठ्यांच्या लोहाच्या गोळ्या गोड समजून खाल्ल्याने लहान मुलांना जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. त्या उंचावर, बंद कपाटात ठेवा.

म्हणून तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितलेल्या मात्रेत नक्की द्या. भरून काढायला अन्न एकटं पुरणार नाही, ते फार सावकाश काम करतं. पण "असू दे, टॉनिक आहे" म्हणून भाजीचा नाद सोडून देऊ नका.

## मांस-अंडी न खाणाऱ्या घरांचं काय?

आठांतले दोन रकाने कायमचे कोरे. तरी आईचं दूध, धान्य, डाळी-दाणे, दूध-दही आणि भाज्या-फळांचे दोन असे सहा उरतात. पाचाचा आकडा गाठता येतो, पण चुकायला वाव फक्त एका रकान्याचा. अंगावरचं दूध सुटलं की तोही संपला. शिवाय इथे लोह सगळंच लाजाळू प्रकारचं, त्यामुळे डाळीबरोबर लिंबू किंवा आंबट फळ हा नियमच करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असं म्हटलं आहे आणि ते कमी मिळत असतील तर डाळी, दाणे, तेलबिया वारंवार द्याव्यात असंही.

ब१२ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतच मिळतं. दूधही वर्ज्य असलेल्या घरात ते औषधातून किंवा मुद्दाम मिसळलेल्या अन्नातून द्यावंच लागतं. इथे "आमच्या आजीला काही झालं नाही" हा युक्तिवाद चालत नाही.

## "सगळं ठीक, पण ते तोंडच उघडत नाही!"

दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलांना नव्या पदार्थाची धास्ती वाटते. हा हट्टीपणा नव्हे, वाढीचा टप्पा आहे. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू लागलं तर धोका, म्हणून हा संशय उपयोगीच असावा. त्यावरचा उपाय कंटाळवाणा पण पारखलेला आहे: तोच पदार्थ थोडासा, पुन्हापुन्हा, जबरदस्ती न करता समोर ठेवणं. आठ-दहा वेळा, कधी पंधरा. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळी "याला भोपळा आवडत नाही" असा निकाल लागतो आणि फाईल बंद होते. खरं तर सुनावणी अर्ध्यावरही आलेली नसते.

"मुलाला काय हवं ते त्याचं शरीर सांगतं" असं म्हणणारे हमखास एका जुन्या प्रयोगाचा दाखला देतात. अमेरिकेतल्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून काही वर्षं, नुकतं वरचं खाऊ लागलेल्या १५ मुलांना स्वतःचं अन्न स्वतः निवडू दिलं. कुणी सुचवायचं नाही, टोकायचं नाही. मुलं कधी एकाच पदार्थावर तुटून पडायची, कधी विचित्र जोड्या लावायची, पण सगळी उत्तम वाढली. मुडदूस झालेल्या एका मुलाने तर बरं होईपर्यंत कॉड माशाचं तेल आपणहून घेतलं.

गोष्ट बहुतेकदा इथेच थांबवली जाते. समोर मांडलेले ३४ पदार्थ कोणते होते ते कुणी सांगत नाही. भाज्या, फळं, धान्यं, मांस, अंडी, दूध. सगळं साधं, साखर न घातलेलं. युक्ती पदार्थांच्या यादीतच आहे, हे डेव्हिस यांनी स्वतःच नोंदवलं. साखर आणि मैद्याचे पदार्थ ठेवून पुढचा प्रयोग करायचा त्यांचा विचार होता, पण महामंदीत निधी आटला. तेव्हा काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं आणि किती खायचं ते मुलाने, ही वाटणी मला सर्वांत पटणारी वाटते. ताटाभोवतीच्या निम्म्या लढाया तिथेच मिटतात.

ॲलर्जीच्या भीतीनेही अनेक घरं अंडी, शेंगदाणे लांबवतात. पूर्वी डॉक्टरही तसं सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात ती ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. आणि दाणे कुटून किंवा वाटूनच, कारण अख्खा दाणा घशात अडकू शकतो. मध मात्र वर्षाच्या आत नको.

## हा फक्त गरिबीचा प्रश्न आहे का?

फळं, भाज्या, अंडी, मांस यांतून मिळणारी ऊर्जा धान्याच्या तुलनेत महाग पडते, हे खरंच आहे. त्यावर "जमवा कसंतरी" असा उपदेश करणं मला पटत नाही. पण युनिसेफच्या त्याच अहवालात एक आकडा आहे, जो बातम्यांत फारसा दिसला नाही. दोनच गटांवर जगणाऱ्या मुलांपैकी ४६ टक्के गरीब घरांतली होती. उरलेली ५४ टक्के, म्हणजे सुमारे ९ कोटी ७० लाख मुलं, तुलनेने बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली. तिथे अडचण भोवतीच्या बाजाराची आणि भरवण्याच्या सवयींची. बाळाला लागणारं प्रमाणही थोडं असतं. मोठ्यांसाठी शिजलेल्या डाळीतली दोन-तीन चमचे घट्ट डाळ आणि कुस्करलेली भाजी एवढ्यानेही दोन रकाने भरतात. अनेकदा घरात सगळं शिजलेलं असतं, पण "त्याला पचणार नाही" म्हणून बाळाच्या वाट्याला वरचं पाणी येतं.

## रकाने भरूनही जे सुटतं

ड जीवनसत्त्व अन्नातून फार थोडं मिळतं, ते मुख्यतः उन्हात त्वचेत तयार होतं. आईच्या दुधातही ते कमीच, म्हणून अनेक देशांत बाळांना पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट थेंबांतून देतात.

आयोडीनचं गणित त्याहून वेगळं. ते मातीतून अन्नात येतं. मातीतच नसेल तर तिथे पिकलेले आठही गट खाल्ले तरी उणीव राहणार. म्हणून आयोडीनयुक्त मिठाचा उपाय निघाला, १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेने तो सुरू केला. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात वरून मीठ घालू नका असं सांगितलं जातं. मग त्याला आयोडीन मिळायचं कुठून? अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधातून, आणि लोहासारखं हे प्रमाण ठरलेलं नसतं. आई जेवढं घेईल, त्यानुसार दुधात उतरतं. ब१२ आणि अ जीवनसत्त्वाचंही तसंच. बाळाच्या हजेरीपटातला आईच्या दुधाचा रकाना भरलेला दिसला, तरी त्यात काय उतरलंय हे बघायला आईच्या ताटात डोकवावं लागतं. बाळाच्या तपासणीला गेल्यावर आईने काय खाल्लं, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.